शेपूट आलं, हत्ती बाकी

जालन्यात माणसाची किंमत कशावरही ठरो, मालाची वजनावर ठरते. भंगार टनावर येतं, भट्टीत वितळतं आणि सळई होऊन टनावरच बाहेर पडतं. सरकी असो की मोसंबी, शेवटी सगळं काट्यावर चढतं. एमआयडीसीत तर वजनकाट्यांना तोटा नाही. त्याला धर्मकाटा म्हणतात; त्यातला धर्म कुणाचा, हे विचारायचं नसतं. इथल्या कोणत्याही सुपरवायझरला झोपेतून उठवा, तो डोळे न उघडता सूत्र सांगेल: व्यास गुणिले व्यास, भागिले १६२. म्हणजे १२ मिलिमीटरची सळई मीटरला ८८९ ग्रॅम आणि बारा मीटरची अख्खी सळई साडेदहा किलोंहून थोडी वर. शाळेत पायथागोरस हुकला तरी चालून जातं. १६२ हुकला की धंदा बसतो.

जड ते चांगलं, यावर गावाची श्रद्धा आहे. सळईच्या जाहिरातीत हत्ती दिसतो, वाघ दिसतो, पहिलवान दिसतो, किल्ल्याचा बुरूज दिसतो. तिथं फुलपाखरू काढायची हिंमत कुणी केलेली नाही.

अशा गावातल्या आमच्या एका स्नेह्यांच्या मनात विमान बांधायचं आलं.

त्यांना सगळे शेठ म्हणतात, आपणही तेच म्हणू. नाव छापलं तर बँकेचे लोक वाचतील. शेठची एमआयडीसीत फॅब्रिकेशनची शेड आहे. गोदामांच्या कैच्या, टाकीचे स्टँड, जिने, गेट. आजवर त्यांनी बनवलेली एकही वस्तू जागची हललेली नाही आणि हेच त्यांच्या कामाचं प्रशस्तिपत्र. गेट तेवढे हलतात, तेही कुरकुरत. या माणसाला रात्री मोबाइल बघताना कळलं, की अमेरिकेत रिटायर झालेले शिक्षक आणि दातांचे डॉक्टर घरच्या गॅरेजमध्ये विमान बांधतात. पेट्या येतात. पेट्यांत पंखांचे पत्रे, फासळ्या, खिळे, बोल्ट आणि जाडजूड चोपडी. दोन-चार वर्षं शनिवार-रविवार ठोकाठोकी केली की दारात विमान उभं. शेठ सकाळी शेडमध्ये आले ते डोळे तांबारलेले घेऊन. म्हणाले, "दातांचा डॉक्टर बांधतो अन् आपण फॅब्रिकेटर असून गेट बनवायलो."

गोष्ट खोटी नाही. ओरेगॉन राज्यातल्या ऑरोरा गावची व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी असल्या पेट्या विकते. तिची अकरा हजारांहून जास्त विमानं लोकांनी स्वतःच्या हातांनी बांधून उडवली आहेत. तिकडं कायदाही तसा आहे. निम्म्याहून जास्त काम तुम्ही स्वतः, शिकायला किंवा हौसेखातर केलं असेल, तर ते विमान घरगुती म्हणून नोंदवता येतं. त्याला ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. मग विमानावर दोन इंच उंचीच्या अक्षरांत 'एक्स्पेरिमेंटल' असं रंगवावं लागतं. आत बसणाऱ्याला दिसेल अशी पाटी लावावी लागते, की हे विमान हौशी माणसानं बांधलेलं आहे आणि नेहमीच्या विमानांचे सुरक्षेचे नियम ते पाळत नाही. सुरुवातीचे २५ किंवा ४० तास ठरवून दिलेल्या भागातच उडवायचं, वस्तीपासून लांब. या पाटीचा प्रामाणिकपणा मला फार आवडला. अंबड रस्त्यावरच्या काही काळी-पिवळ्यांत ती लावली तर निदान बसणाऱ्याला पूर्वसूचना मिळेल.

आपल्याकडंही हा प्रकार अगदी परका नाही. बंगळुरूची राज हंस ही कंपनी पाइपांच्या सांगाड्यावर कापड ताणून एक्स-एअर नावाची हलकी विमानं बनवत आली आणि त्यांच्या किटच्या पेट्या इंग्लंड-फ्रान्सला गेल्या. म्हणजे गोऱ्या लोकांनी आपली पेटी मागवून आपलं विमान त्यांच्या गॅरेजमध्ये बांधलं. त्यातल्या एका मॉडेलचं नाव हनुमान. हे कळल्यावर शेठचे मेस्त्री पहिल्यांदा या विषयात कान देऊन बसले.

शेठनी निवडलं ते मात्र झेनिथचं सीएच ७०१. क्रिस हाइन्ट्झ नावाच्या इंजिनिअरनं आखलेलं, पूर्ण पत्र्याचं, दोन माणसांचं विमान. आपल्या एनसीसीच्या एअर विंगच्या पोरांनी यातून उड्डाणाचे धडे घेतलेले आहेत, तेव्हा हे काही अगदीच हवेतलं प्रकरण नव्हे. शिवाय याचा सगळा जोड पॉप रिव्हेटचा. पॉप रिव्हेट आणि जालना एमआयडीसी यांची ओळख जुनी आहे. "गन तर आपल्याकडं हाय," मेस्त्री म्हणाले. अर्धं विमान तयार असल्यासारखा शेठचा चेहरा झाला.

अख्ख्या पेटीची किंमत ऐकून वहिनींनी जे म्हटलं ते इथं देत नाही. पण या कंपनीकडं नवशिक्यासाठी एक सोय आहे. आधी फक्त शेपटाचा सुकाणू, म्हणजे रडर, तेवढ्याचीच छोटी पेटी मिळते. तो बांधून बघा, जमलं तर पुढचं मागवा. मराठीत 'हत्ती गेला, शेपूट राहिलं' अशी म्हण आहे. जगात एक धंदा असा निघाला की आधी शेपूट येतं आणि हत्ती बाकी राहतो. शेठनी शेपूट मागवलं.

पार्सल आलं तेव्हा त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता 'मेक्सिको, मिसूरी' असा होता. झेनिथचा कारखाना खरंच मिसूरी राज्यातल्या मेक्सिको नावाच्या गावात आहे. पण शेडच्या हिशेबनिसानं रजिस्टरमध्ये 'मेक्सिको' लिहिलं, मग खोडून 'अमेरिका' लिहिलं, मग दोन्हीखाली रेघ मारून समोर प्रश्नचिन्ह काढलं. लांबट, चपटी, अनोळखी पेटी दुपारी टेम्पोतून उतरताना शेजारच्या तीन शेडमधले लोक बाहेर येऊन उभे राहिले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये आयकर खात्याचे शेकडो लोक लग्नाच्या वऱ्हाडाचे स्टिकर लावलेल्या गाड्यांतून जालन्यात आले होते आणि जाताना ५८ कोटींची रोकड आणि ३२ किलो सोनं जप्त केल्याच्या बातम्या आल्या. सोनंसुद्धा बातमीत किलोनंच आलं, यात गावाची शान राहिली. पण तेव्हापासून जालन्यात नवरदेवाच्या गाडीलाही लोक आधी नंबरप्लेट बघून हात करतात. एकानं हळूच विचारलं, "शेठ, आत काय हाय?" शेठ म्हणाले, "शेपूट." गर्दी पांगली नाही, वाढली.

पेटी उघडली आणि मेस्त्रींनी पत्रा दोन बोटांत धरला. ०.४ मिलिमीटर.

हा आकडा समजायला एमआयडीसीतच उभं राहावं लागतं. शेडच्या छपराचा रंगीत पत्रा साधारण ०.५० चा असतो. म्हणजे ज्याच्यात बसून आकाशात जायचं, त्याची कातडी डोक्यावरच्या छपरापेक्षा पातळ. मेस्त्री कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी आयुष्यभर प्रत्येक अडचणीवर दिलेला तोडगा दिला. "आतून दोन अँगल मारतो. मजबूत होईन."

"अँगल नाही मारायचा मेस्त्री."

"बारका मारतो. पंचवीसचा."

"बारकाही नाही."

"मग फ्लॅट मारू?"

विमानाचं आणि जालन्याचं भांडण इथंच आहे. आपला मजबुतीचा सगळा विचार बेरजेचा. शंका आली, घाला सळई. पाहुणे वाढले, घाला खांब. स्लॅब टाकताना इंजिनिअरनं दहाची सांगितली की घरमालक म्हणतो, बाराचीच टाका, पुढं मजला चढवायचाय. विमानाच्या चोपडीत मजला चढवायची सोय नाही. तिथं प्रत्येक ग्रॅमला जाब विचारतात: तू इथं का आहेस? एक अँगल वाढला, की तो उचलायला पंख मोठा, पंखाला इंजिन मोठं, इंजिनाला पेट्रोल जास्त, पेट्रोलला टाकी मोठी आणि टाकी धरून ठेवायला पुन्हा मेस्त्रींचे दोन अँगल. शेवटी जे तयार होतं ते रस्त्यावरून उत्तम चालतं.

शेठनी हे सगळं समजावून सांगितलं. मेस्त्रींनी ऐकून घेतलं आणि आपला तर्क मांडला. "वळवाच्या वादळात बाजूच्या शेडचे पत्रे उडाले का नाही? पन्नासचे होते, खाली अँगल होते, वर जे-बोल्ट होते. तरी पार हायवेपर्यंत गेले. हे तर चाळीसचं हाय, अन् बिगर अँगलचं. उडंल." उड्डाणशास्त्राचं याहून थोडक्यात विवेचन माझ्या वाचनात नाही.

खरी जखम पुढं झाली. मेस्त्री मूळचे वेल्डर. तीस वर्षं त्यांनी जालन्याला जोडून ठेवलंय. चोपडीत लिहिलं होतं, या पत्र्याला वेल्डिंग चालत नाही. ६०६१-टी६ ही अॅल्युमिनियमची जात ठरावीक उष्णता देऊन कणखर केलेली असते. पुन्हा तापवली की तो कणखरपणा जातो. म्हणून रिव्हेट. त्यातही भोक पाडलं की त्याच्या कडेचा बर काढायचा, दोन्ही बाजूंनी. पत्रे एकमेकांवर धरायला क्लेको नावाच्या स्प्रिंगच्या पिना लावायच्या, मग रिव्हेट. खूण करायला टोच्या वापरायचा नाही, कारण एक ओरखडा म्हणजे पुढच्या चिरेचं बी. पेन्सिलही नाही, कारण तिच्यातल्या ग्राफाइटमुळं अॅल्युमिनियम गंजतं. मार्कर पेन. मेस्त्रींच्या कानामागची पेन्सिल आणि खिशातला टोच्या शेठनी स्वतःच्या हातानं काढून टेबलाच्या खणात ठेवला. सैनिकाचं शस्त्र काढून घेताना असं दृश्य असावं. चार दिवस मेस्त्री हेल्परशी नीट बोलले नाहीत.

"भोक जरा सरकलं तर?" त्यांनी एकदा विचारलं.

"पत्रा बाद."

"भरून घेऊ ना. अॅडजस्ट करू."

"अॅडजस्ट नाही मेस्त्री. ड्रॉइंगमध्ये जे आहे तेच. ड्रॉइंगमध्ये खोटं चालत नाही."

मग शेठनी त्यांना व्हॅन्सची कथा सांगितली. मोठी कंपनी, पन्नास वर्षांचं नाव. काम वाढलं म्हणून त्यांनी भोकं पंचऐवजी लेझरनं पाडली. काही भोकांच्या कडेला बारीक चिरा पडायला लागल्या. गिऱ्हाइकांनी सुटे भाग बदलून मागितले, जुने हिशेब फसले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीला दिवाळखोरीचं संरक्षण मागायला कोर्टात जावं लागलं. पुढल्या वर्षी ती सावरली. मेस्त्री सुन्न झाले. कंपनीच्या दु:खानं नव्हे. चीर पडलेला माल गिऱ्हाइकानं परत पाठवायचा आणि कंपनीनं तो बदलून द्यायचा, या व्यवहारानं. "आपण ग्राइंडर फिरवून रंग मारला असता," ते म्हणाले. ते खरं आहे. रंग मारल्यावर गेट दिसतंही छान.

शेपूट बांधायला सुरुवात झाल्याची बातमी टपरीवर गेली आणि तिथं विमानविद्येची खुली परिषद भरली. अशा परिषदेत पहिल्या पाच मिनिटांत तळपदे निघतात. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर, राइट बंधूंच्या आधी, विमान उडवलं, हे सांगणारा माणूस प्रत्येक टपरीवर एक असतो. त्याला त्या काळचा भरवशाचा पुरावा विचारला की तो तुम्हाला इंग्रजांचा हस्तक समजतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ मध्ये वैमानिक शास्त्र नावाच्या ग्रंथातली विमानं तपासून ती उडणार नाहीत असं लिहून ठेवलंय, हे मी म्हणालो. तेव्हा माझ्या चहाचे पैसे मलाच द्यावे लागले.

बाहेरच्या जगातले वेडे त्या मानानं कागदोपत्री आहेत. सँतो-दुमॉ या ब्राझीलच्या गृहस्थानं आपल्या चिमुकल्या देमॉइझेल विमानाचे आराखडे लोकांना फुकट वाटून टाकले. १९३४ मध्ये आंरी मिन्ये या फ्रेंच माणसानं पुस्तक लिहून सांगितलं, की कुणीही घरी विमान बांधू शकतो. विमानाचं नाव 'आकाशातली ऊ'; इंग्रजीत त्याची पिसू झाली. फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये लोक ऊ बांधायला धावले. मग लक्षात आलं, की नाक एका मर्यादेपलीकडं खाली झुकलं तर ही ऊ पुन्हा वर येतच नाही. माणसं गेली, १९३६ मध्ये इंग्लंडात तिच्यावर बंदी आली. सत्तरच्या दशकात अमेरिकेत जिम बीड यांनी बीडी-५ नावाचं एकट्या माणसाचं चिमुकलं विमान आणलं. हजारो लोकांनी पैसे भरले. पेट्या आल्या, पण इंजिनाचं जमेना, आणि कंपनी बुडाली. कित्येक गॅरेजमध्ये सगळं विमान तयार, फक्त उडायचं सोडून. त्याचीच जेटवाली बहीण 'ऑक्टोपसी' सिनेमात जेम्स बाँडनं उडवली, त्यामुळं नाव तेवढं झालं. "इंजिन नंतर देतो म्हणाले होते का?" टपरीवाल्यानं विचारलं. त्याचं एका फ्लॅटसाठी बुकिंग आहे. तिथं लिफ्ट नंतर येणार आहे.

पण या सगळ्यांत आपला माणूस वेगळा आहे. कॅप्टन अमोल यादव. त्यांना पेटीही आली नव्हती.

हे तेव्हा जेट एअरवेजमध्ये पायलट होते. मुंबईत कांदिवलीला राहायचे, पाच मजली इमारतीत, एकत्र कुटुंबात. त्यांनी गच्चीवर विमान बांधलं. लहान मॉडेल नव्हे, सहा माणसांचं विमान. वर्ष-दोन वर्षं नव्हे, सहाएक वर्षं. त्याआधीचे त्यांचे प्रयत्न अर्धवट राहिले होते, ते वेगळेच. लेथ गच्चीवर नेलं, कॉम्प्रेसर नेला, वेल्डिंग मशीन नेलं आणि जवळजवळ १८० किलोंचं इंजिन अरुंद जिन्यानं चढवलं. मुंबईत ज्या जिन्यानं गोदरेजचं कपाट नेताना घराण्यांत वैर येतं, त्या जातीचा तो जिना. पावसाळ्यात विमान ताडपत्रीखाली. मला राहून राहून वाटतं, या कथेचे खरे नायक त्या इमारतीतले शेजारी असावेत. आमच्या अपार्टमेंटमध्ये गच्चीवर कुरडया वाळत घातल्या म्हणून सभा बोलावली होती.

विमान झालं. आता ते गच्चीवर. धावपट्टी म्हणून गच्ची कमी पडते. मग क्रेन आली. सुटं करून खाली उतरवलं आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातल्या 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात नेलं. आत मोठमोठ्या कंपन्यांचे मंडप होते, तिथं जागा नव्हती. विमान कडेला उभं राहिलं आणि गर्दी त्याच्याकडं वळली. मंत्री आले, कॅमेरे आले. इथवरची कथा विजयाची वाटते, आणि मराठी सिनेमा असता तर इथं पाट्या पडल्या असत्या.

पण विमान उडायचं होतं. त्याला आधी नोंदणी लागते. हवाई वाहतूक महासंचालनालयाकडून व्हीटी-एनएमडी ही अक्षरं मिळाली नोव्हेंबर २०१७ मध्ये. त्यातला एनएम म्हणजे नरेंद्र मोदी आणि डी म्हणजे देवेंद्र. काम ज्या देवानं केलं त्याचं नाव पोराला ठेवायची आपली रीत आहे, त्याला धरूनच हे झालं. २०१८ मध्ये राज्य सरकारनं त्यांच्या कंपनीशी ३५ हजार कोटींचा सामंजस्य करार केला, पालघर जिल्ह्यात जमीन द्यायचं ठरलं. म्हणजे विमान अजून जमिनीवर आणि करार ढगांत. उडायचा परवाना आला ऑक्टोबर २०१९ मध्ये. मग २०२० मध्ये धुळ्याच्या धावपट्टीवर चाचण्या झाल्या आणि ते विमान हवेत गेलं. प्रदर्शनातून आकाशात जायला साडेचार वर्षं. गच्चीवर सगळं विमान बांधायला सहा. ही तुलना शेठनी कॅलेंडरच्या मागं लिहून भिंतीला लावली आहे. खाली मेस्त्रींनी मार्करनं विचारलंय: 'कागदाला किती रिव्हेट लागते?'

इकडं आमचं शेपूट तयार झालं. खरंच चांगलं झालं, हे कबूल केलं पाहिजे. रिव्हेटच्या ओळी आखल्यासारख्या सरळ. मेस्त्रींनी त्याला नारळ फोडला. "मारुतीचं बी आधी शेपूटच बघत्यात," असं त्यांचं म्हणणं. आणि मग ते काट्यावर न्यायचं ठरलं. वास्तविक गरज नव्हती, पण वजन केल्याशिवाय माल तयार झाला असं आपल्याकडं कुणी मानत नाही.

साठ टनांचा काटा. ट्रक बाजूला घ्यायला लावून शेठ आणि मेस्त्रींनी शेपूट मधोमध ठेवलं आणि दोघं खाली उतरले. आकडा शून्य. काटेवाल्या पोरानं काच पुसली. शून्यच. असला काटा पाच-दहा किलोंच्या खालचं काही विचारात घेत नाही. "शेठ, माल टाका ना," तो म्हणाला. माल टाकलेलाच आहे, हे त्याला पटवायला वेळ लागला. मग त्यानं पावतीचे पूर्ण पैसे घेतले आणि पावती फाडली: ग्रॉस शून्य, टेअर शून्य, नेट शून्य. हिशेबनीस ती नोंदवायला तयार नाही. शून्य किलोचा माल मेक्सिकोहून आला, ड्युटी भरून सोडवला आणि त्यावर मजुरी पडली, हे तो ऑडिटरला कोणत्या तोंडानं सांगणार?

अख्खं विमान काट्यावर दिसेल एवढं आहे. रिकामं सीएच ७०१ साधारण २६० किलो, इंजिन, चाकं, पंख, खुर्च्या धरून. १२ मिलिमीटरच्या चोवीस-पंचवीस सळया. एका बऱ्यापैकी घराच्या खांबांनासुद्धा पुरणार नाहीत. इंजिन, चाकं, पंख, खुर्च्या धरून. पोरगा खूश झाला, त्यानं हिशेबात नेहमीचा प्रश्न विचारला: "ड्रायव्हरसकट, का बिगर ड्रायव्हर?" ट्रकच्या बाबतीत या प्रश्नाला काही अर्थ नसतो. पंचवीस टनांत ड्रायव्हर म्हणजे कांद्याच्या पोत्याला चिकटलेली माती. विमानात सगळं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे.

शेठनी तो हिशेब शेडमध्ये बसून मांडला. उडताना सगळं मिळून जास्तीत जास्त ५०० किलो. त्यातून विमानाचे २६० गेले, राहिले २४०. दोन्ही टाक्या भरल्या तर ७५ लिटर पेट्रोल, त्याचे ५४ किलो. राहिले १८६. माणसं दोन. म्हणजे सरासरी ९३ किलोंची दोन माणसं, कपड्यांसकट, डब्याविना. शेठ १०४. मेस्त्री ८०. एकूण १८४. दोन किलो शिल्लक. त्यात वहिनींचा डबा बसत नाही, चटणीची बाटली बसते.

"मारुतीनं डोंगर नेला," मेस्त्री खिन्नपणे म्हणाले, "अन् हे भाकरीला नाही म्हणतंय."

वेगाची बाजूही शेठनी काढली होती. हे विमान ताशी १३० किलोमीटरच्या आसपास जातं. जालन्याजवळून समृद्धी महामार्ग जातो, नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर. विमानही ७०१, रस्ताही ७०१, हा योग शेठना दैवी वाटतो. रस्त्यावर ताशी १२० ची मुभा आहे. म्हणजे वर शेठ पेट्रोल जाळत, ढगांतून, ऊन खात, १३० नं निघाले आणि समोरून वारा सुटला, की खालून एसी लावलेली इनोव्हा त्यांना सावकाश मागं टाकणार. शिवाय इनोव्हातले लोक मोसंबीच्या गोण्या घेऊन चाललेले असणार. मी हे बोलून दाखवलं. शेठ म्हणाले, "त्यांना टोल लागंल." हा मुद्दा मला खोडता आला नाही.

तर आता पंखांची पेटी मागवायचं घाटतंय. वहिनींनी अट घातली आहे, की आधी माणूस हलका करा, मग विमान. शेठ सकाळी एमआयडीसीत चालायला जातात, पण परतीच्या वाटेवर पोह्यांची गाडी लागते. परवा ते वजनाचा आणि समतोलाचा तक्ता सरावासाठी भरत बसले होते. टाकी, सामान, मागची बाजू, पुढची बाजू, सगळे रकाने मार्कर पेननं नीट. चालकाच्या वजनासमोर त्यांनी ८५ लिहिलं. मेस्त्री मागं उभे होते.

"शेठ, खोटं चालत नाही म्हणले होते ना?"

"ते ड्रॉइंग होतं मेस्त्री," शेठ म्हणाले. "हा फॉर्म आहे."